दोन विरुद्ध एक

विमानं बनवणाऱ्या कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा धुलाई इंजिनिअर न्हाणीघरात कपडे धुण्याच्या मशीनखाली डोकं घालून आडवा पडलेला होता. मशीन घरचंच होतं आणि त्यातला प्रोग्राम त्यानं स्वतःच लिहिलेला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नव्हती. बायकोनं दारात उभं राहून पत्र मोठ्यानं वाचलं. 'उड्डाण-नियंत्रण सॉफ्टवेअर विभाग' हे शब्द कानावर पडताच तो ताडकन उठला, मशीनची कड कपाळाला लागली आणि तिथे लिंबाएवढं टेंगूळ आलं. पुढे जे जे घडलं त्याची ही नांदीच होती, पण त्या वेळी आनंदाच्या भरात त्याला ती कळली नाही.

धुलाई इंजिनिअर हे नाव त्याला इमारतीनं दिलेलं. मशीनच्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं सॉफ्टवेअर लिहीत होता. पाणी कधी घ्यायचं, ड्रम कितीदा फिरवायचा, थांबायचं कधी आणि शेवटी शिट्टी मारून घरादाराला हैराण कधी करायचं, हे सगळं त्याच्या डोक्यातून निघालेलं. हे काम सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मिनिटाला बाराशे वेळा फिरणाऱ्या ड्रममध्ये एका बाजूला गोळा झालेल्या ओल्या चादरीची समजूत काढून दाखवावी. पण जगाला त्याचं काय? लिफ्टमध्ये भेटलेला माणूस 'कसे आहात' म्हणायच्या आधी 'आमचं पाणीच सोडत नाही हो' म्हणायचा. आपण मशीन दुरुस्त करत नाही, आपण मशीनला विचार करायला शिकवतो, हे त्यानं पहिली चार वर्षं सगळ्यांना समजावून सांगितलं. नंतर तो जिन्यानं जायला लागला.

आता तर कारखान्यानं सॉफ्टवेअर बाहेरून तयारच घ्यायचं ठरवलं होतं. महिनाअखेर विभाग बंद. ज्यांची सेवा जास्त झाली होती त्यांना 'ग्राहक सेवा' नावाची जागा देऊ केली होती. म्हणजे खांद्याला पान्यांची पिशवी अडकवून घरोघर फिरायचं आणि ज्या प्रश्नापासून तो पंधरा वर्षं जिन्यानं पळाला, तोच प्रश्न रोज आठ घरांत सोडवायचा. वय सेहेचाळीस. याआधी दोन ठिकाणी मुलाखती देऊन झाल्या होत्या. पहिल्या ठिकाणी त्याच्या निम्म्या वयाच्या मुलानं फळ्यावर एक कोडं घालून घड्याळ लावलं होतं, आणि दुसऱ्या ठिकाणी 'आमची टीम तरुण आहे' असं सांगून त्याला फार आदरानं लिफ्टपर्यंत सोडलं होतं. ही तिसरी. घोडामैदान जवळ आलं होतं आणि चौथी मुलाखत कुठूनही येणार नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. आपण केलेली एक तरी वस्तू न्हाणीघराच्या कोपऱ्यात गरगरण्याऐवजी वर जावी, असं त्याला फार वाटत होतं.

तयारीला चौदा दिवस होते. त्यानं वाचनालयातून विमानातल्या सॉफ्टवेअरवरचा एक जाडजूड ग्रंथ आणला आणि पहिल्या तीन प्रकरणांतच तो त्या ग्रंथाच्या प्रेमात पडला. आपल्या आयुष्यात जे जे चुकलं ते असा ग्रंथ घरात नसल्यामुळे, याबद्दल त्याला शंका उरली नाही. विमानात यादी बघितल्याशिवाय कुणी कशाला हात लावत नाही, हे वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या दारावर अकरा कलमी यादी चिकटली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात चहाची यादी लागली. एकवीस वर्षं चहा करणाऱ्या बायकोला, चौथ्या कलमावर खूण न करताच आपण साखर घातली, हे त्या दिवशी समजलं. तिनं यादी काढून तिच्यावर कोथिंबीर निवडली.

"अगं, सराव म्हणून करतोय मी. अंगात भिनलं पाहिजे," तो म्हणाला.

"तुझ्या अंगात भिनव. चहाच्या अंगात नको."

त्या ग्रंथात एक नियम असाही होता की लिहिलेली नोंद कधी पुसायची नाही. चूक असेल तर तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख आणि सही करायची आणि दुसऱ्या माणसानं तपासून आपली सही करायची. हे वाचून त्यानं निळ्या पुठ्ठ्याची एक वही आणली. आणि मग आलं सातवं प्रकरण, ज्यानं घराचा घात केला.

सातव्या प्रकरणाचा मथितार्थ असा की जिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो तिथे एका उपकरणावर विसंबायचं नाही. तीन बसवायची. तिघांना विचारायचं. दोघांचं जुळेल ते खरं धरायचं, आणि वेगळं बोलणाऱ्या तिसऱ्याला सदोष ठरवून त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. धुलाई इंजिनिअरनं पुस्तक मिटलं. आधीच्या दोन मुलाखतींत सगळे निर्णय त्यानं एकट्यानं घेतले होते. एकच उपकरण होतं आणि तेच बिघडलेलं होतं, असा त्यानं निष्कर्ष काढला.

घरात उपकरणं तीनच उपलब्ध होती. एक बायको. ती एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची आणि घरी आल्यावरही तिची नजर तशीच राहायची. दुसरे सासरे, तिचे वडील, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त होऊन त्यांच्याकडेच राहायला आलेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी ठरवल्यामुळे स्वतःच्या मताला हद्द असते हे त्यांना माहीत नव्हतं. आणि तिसरे समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना कुणी सल्ला विचारला नाही तर त्यांचं पोट बिघडत असे.

पहिलं मतदान टायवर झालं. सासरे म्हणाले निळा टाय, पोस्टमास्तर म्हणाले निळाच टाय, बायको म्हणाली टाय नकोच, उकडतं. निळा टाय मंजूर झाला. वहीत नोंद झाली आणि बायकोच्या नावापुढे 'सदोष' असा शेरा पडला.

दुसरं मतदान केसांवर. दोघं म्हणाले कलप लावावा, विमान कंपनीला तडफदार माणूस लागतो. बायको म्हणाली, "लावू नको. तुला तो लावता येत नाही." कलप लागला, उजव्या कानामागे तळहाताएवढा काळा डाग पडला आणि तो रॉकेलनंही निघेना. शेरा मात्र आधीच लिहून झालेला होता: सदोष.

'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं यावर तर पाऊण तास चर्चा चालली. "जावईबापू, सुरुवात बालपणापासून करायची," सासरे म्हणाले. "लहानपणी मी आकाशाकडे एकटक बघत असे, असं म्हणायचं." पोस्टमास्तरांनी मान डोलावली आणि त्यात एक पतंग घातला. बायको म्हणाली, "अरे, सरळ सांग ना, मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो म्हणून. तेच तर येतं तुला."

त्याला ते लागलं. तेच तर येतं तुला, हे तिनं कौतुकानं म्हटलं होतं की कीव करून, हे त्याला ठरवता आलं नाही. सदोष.

"एक विचारू?" ती एकदा वही बघून म्हणाली. "बाबा आणि पोस्टमास्तर रोज सकाळी एकत्र फिरायला जातात ना?"

"मग?"

"एकाच नळीतलं रक्त दोन बशांत घालून तपासलं तर दोन्ही रिपोर्ट सारखेच येणार. त्यानं तपासणी दोनदा झाली असं होत नाही."

"हे विमानाचं शास्त्र आहे, रक्ताचं नाही," तो म्हणाला. त्यानं हेही वहीत लिहिलं आणि नेहमीचा शेरा मारला.

मधल्या काळात कागदपत्रांनी त्याचा जीव घेतला. कंपनीला अनुभवाचा दाखला हवा होता. कारखान्याच्या कार्यालयानं दिलेल्या दाखल्यात 'यांनी धुणे विभागात एकोणीस वर्षे प्रामाणिकपणे सेवा केली' असं लिहिलं होतं. सॉफ्टवेअर हा शब्द घाला म्हणून तो लिपिकाच्या टेबलापाशी तासभर उभा राहिला. लिपिकानं रजिस्टर उघडून दाखवलं. त्यात कामगार, पर्यवेक्षक आणि वाहनचालक असे तीनच रकाने होते आणि एकोणीस वर्षं धुलाई इंजिनिअरचं नाव वाहनचालकांत होतं. "तुमची कधी तक्रार आली नाही, म्हणून कुणी बघितलं नाही," लिपिक म्हणाला. विमान कंपनीला आपण आधी गाडी चालवत होतो असं वाटलं तर निदान दिशा तरी बरोबर आहे, असं म्हणून त्यानं स्वतःचं समाधान केलं.

चारित्र्याच्या दाखल्याची गत याहून वाईट झाली. पोलीस कार्यालयाच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "तुमच्यावर गुन्हा नाही हे खरं, पण नाही याचा कागद कुठे आहे?" त्यासाठी नात्यातला नसलेला एक प्रतिष्ठित साक्षीदार हवा होता. बायको म्हणाली, आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना ने, त्या सही करून दहा मिनिटांत मोकळ्या होतील. दोन विरुद्ध एक अशा मतांनी पोस्टमास्तर गेले. त्यांनी सही करायच्या आधी कार्यालयाचा शिक्का हातात घेऊन बघितला आणि तो नियमापेक्षा अर्ध्या बोटानं मोठा असल्याचं खिडकीतल्या बाईंना सांगितलं. खिडकी बंद झाली. ती त्यांच्यासाठी पुढे दोन दिवस बंदच राहिली. चौथ्या खेपेला पोस्टमास्तरांना घरी ठेवून, बायकोला न सांगता, धुलाई इंजिनिअर डॉक्टरीणबाईंना घेऊन गेला. दहा मिनिटं लागली. ही नोंद त्यानं वहीत केली नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं मतदान झालं. पत्रात लिहिलं होतं 'मुख्य संकुल', आणि कंपनीची ठिकाणं होती दोन. एक जुनं, नदीच्या पुलापलीकडे. दुसरं नवं, शहराच्या अगदी उलट टोकाला.

"पुलापलीकडचंच," पोस्टमास्तर म्हणाले. "माझा भाचा विमान खात्यात आहे. तो स्वतः जाऊन आलाय तिथे."

"पुलापलीकडचंच," सासरे म्हणाले. "त्यात काय विचारायचं?"

बायकोनं पत्र उजेडात धरलं. "खाली पिनकोड बघ. हा नव्या भागाचा आहे. आमचे नमुने येतात तिकडून, मी रोज लिहिते हा आकडा."

पोस्टमास्तर हसले. सदतीस वर्षं पत्रं हाताळलेल्या माणसाला रक्त तपासणाऱ्या बाईनं पिनकोड शिकवावा याचं त्यांना वाईट वाटलं नाही, फक्त गंमत वाटली. "टायपिंगची चूक आहे ती," ते म्हणाले. "अशा चुका दुरुस्त करण्यातच माझी सगळी नोकरी गेली."

"फोन करून विचार ना कंपनीला," बायको म्हणाली.

धुलाई इंजिनिअर फोनकडे गेलाही. पण मुलाखतीला बोलावलेल्या माणसानं 'तुम्ही कुठे असता' असं विचारणं बरं दिसत नाही, असं सासऱ्यांचं मत पडलं. पोस्टमास्तरांचंही तेच पडलं. झालं. निर्णय लागला. बायकोनं पत्र टेबलावर ठेवलं आणि ती आत गेली. तिच्या नावापुढे त्यानं तेविसावा शेरा लिहिला. नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी मुलाखत साडेदहाला होती. टाय लावून, तीन पेनं खिशात घालून, वही आणि कागदपत्रं बॅगेत भरून तो साडेनऊलाच पुलापलीकडच्या फाटकाशी पोहोचला. फाटकाला साखळी होती. आत गवत गुडघाभर वाढलं होतं. एक पहारेकरी खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होता.

"मुलाखत?" तो म्हणाला. "इथून सगळं हललं, साहेब. दोन वर्षं झाली. आता इथे भंगार आहे आणि मी."

धुलाई इंजिनिअरनं सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, हा पत्ता तुम्हाला कुणी सांगितला?"

"पोस्टमास्तरांनी. सकाळी फिरताना बोलणं झालं होतं आमचं."

त्यानं पोस्टमास्तरांना फोन लावला. "तुमचा भाचा इथे कधी आला होता?"

"चार वर्षं झाली असतील. कुणाची तरी विमानतळावर हरवलेली बॅग द्यायला गेला होता. तो बॅगांच्या पट्ट्यावर असतो ना."

म्हणजे उपकरणं दोन नव्हतीच. एकच होतं, त्याला तोंडं दोन होती, आणि दोन्ही तोंडांच्या मागे एक हरवलेली बॅग होती. टॅक्सी दिसत नव्हती, बस तासाभरानं होती. नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. एका मतदानात त्यानं एकोणीस वर्षं आणि उरलेलं आयुष्य घालवलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर पान्यांची पिशवी आली. मग त्यानं तो फोन लावला जो त्याला लावायचा नव्हता.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं नव्हतं का, हे ती म्हणेल म्हणून तो डोळे मिटून उभा राहिला. ती म्हणाली, "पुलाच्या तोंडाशी येऊन थांब. आमचे नमुनेवाले काका त्याच बाजूला आहेत. त्यांना पुढचा नमुना नव्या भागातूनच आणायचाय."

नमुनेवाले काका बारा मिनिटांनी आले. पिळदार मिशा, मोटारसायकल आणि पाठीमागे बर्फ भरलेली पेटी, तिच्यात सकाळपासून घरोघर फिरून गोळा केलेल्या रक्ताच्या बाटल्या. पेटी धुलाई इंजिनिअरच्या मांडीवर आली. "आडवी होऊ द्यायची नाही," काका म्हणाले आणि ताशी वीसच्या वेगानं निघाले.

"काका, जरा जोरात..."

"रक्त हिंदकळलं की फुटतं, साहेब. मग रिपोर्ट चुकतो."

दहा वाजले. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात होते. दहा वाजून आठ मिनिटांनी काकांनी एका घरासमोर गाडी थांबवली. "पुढचा नमुना. आजीबाई पहाटेपासून उपाशी बसल्यात," ते म्हणाले आणि जिना चढून गेले. आजीबाईंची शीर सापडायला सहा मिनिटं लागली. धुलाई इंजिनिअर रस्त्याच्या कडेला मांडीवर पेटी सांभाळत बसला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच अनोळखी म्हातारीच्या शिरेसाठी मनोमन प्रार्थना करत होता. काका परत आल्यावर त्याला मांडीशी गारवा जाणवला. पेटीचं झाकण एका कोपऱ्यात नीट बसलं नव्हतं. बर्फ वितळून पाणी हळूहळू त्याच्या पँटमध्ये, आणि तीही नको त्याच जागी, मुरत होतं.

नव्या संकुलाच्या फाटकाशी तो दहा वाजून सव्वीस मिनिटांनी उतरला. पहारेकऱ्यानं आधी त्याचं ओळखपत्र बघितलं, मग कपाळावरची टेंगळाची खूण, मग कानामागचा डाग, आणि शेवटी पँट. "बर्फाचं पाणी आहे," तो म्हणाला. पहारेकऱ्यानं मान डोलावून लिफ्टकडे बोट दाखवलं. लिफ्टमध्ये त्यानं टाय सोडला आणि त्याच टायनं पँट जमेल तेवढी टिपून काढली. मग ओला टाय खिशात कोंबून, बॅग पोटाशी घट्ट धरून तो आत गेला.

टेबलामागे तिघं बसले होते. मधे पांढऱ्या केसांच्या बाई, त्या विभागाच्या प्रमुख. एका बाजूला चष्मेवाला गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एक तरुण, ज्याच्यापुढे घड्याळ होतं.

"तीन मिनिटं उशीर," बाई म्हणाल्या. "स्वतःबद्दल सांगा."

"लहानपणी मी आकाशाकडे एकटक बघत असे..."

"सगळेच बघतात," चष्मेवाला म्हणाला. "पुढे?"

पुढे पतंग होता. धुलाई इंजिनिअरला तो उडवायचा धीर झाला नाही. "मी कपडे धुण्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो," तो म्हणाला, आणि चादरीचा तोल जातो तेव्हा ड्रमला ते कसं कळतं हे सांगू लागला. तरुणानं दोन प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं याला झोपेतही आली असती. मांडीचा गारवा तो क्षणभर विसरला.

मग बाईंनी विचारलं, "विमानात उंची सांगणारी तीन उपकरणं आहेत. दोन म्हणतात नऊ हजार फूट. एक म्हणतं चार हजार. तुमचा प्रोग्राम काय करेल?"

सातवं प्रकरण. त्याला ते पानासकट पाठ होतं. "दोघांचं जुळतं ते खरं धरून..." असं त्याच्या तोंडून निघालंही. आणि तिथेच तो थांबला. गुडघाभर गवत, साखळी आणि रेडिओ त्याच्या डोळ्यांसमोर आला. तरुणानं घड्याळाकडे बघितलं.

"ते दोघं सकाळी एकत्र फिरायला जातात का?" धुलाई इंजिनिअरनं विचारलं.

चष्मेवाल्यानं चष्मा काढला. बाई म्हणाल्या, "कोण?"

"ती दोन उपकरणं. म्हणजे दोघांना हवा एकाच नळीतून येते का? ती नळी तुंबली असेल तर दोघंही एकच चूक सांगतील, आणि अगदी ठामपणे सांगतील. मी त्यांना खरं धरीन आणि जो एकटा नीट सांगतोय त्याला बाद करीन." आता बोलून बसलोच आहोत, तर होऊन जाऊ दे, असं त्याला वाटलं. "मला हे पुस्तकात वाचूनही कळलं नव्हतं. आज सकाळी कळलं. म्हणून उशीर झाला." आणि त्यानं पोस्टमास्तर, सासरे, पिनकोड, हरवलेली बॅग आणि बर्फाची पेटी, सगळं सांगितलं. तरुणाला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत.

"तिसऱ्या उपकरणाला तुम्ही बाद का करत होतात?"

"ते नेहमी वेगळं सांगायचं."

"आणि किती वेळा ते बरोबर निघालं?"

त्यानं बॅगेतून वही काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती पहिल्या पानापासून वाचली. सावकाश, एकेक नोंद, बोट ठेवून. टाय, कलप, बालपण, साक्षीदार, एकाच नळीतलं रक्त, पिनकोड. तेवीस शेरे. प्रत्येक पान उलटलं की त्याला कुणीतरी भर चौकात आपले कपडे वाळत घालतंय असं वाटत होतं. आपण हे सगळं स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलंय आणि एकदाही मागचं पान उघडून बघितलं नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"मी कधी मोजलंच नाही," तो म्हणाला.

"वही राहू दे इथे," बाई म्हणाल्या. "कळवू."

कळवू म्हणजे काय हे त्याला दोनदा कळलेलं होतं. घरी येऊन त्यानं पँट बदलली. संध्याकाळी सासरे आणि पोस्टमास्तर हळूच येऊन बसले. पत्त्याचा विषय कुणी काढला नाही. ओली पँट आणि वहीची हकिकत ऐकून पोस्टमास्तर म्हणाले, "गेलं म्हणायचं." सासरे म्हणाले, "गेलंच." बायको कपडे वाळत घालत होती. ती तिथूनच म्हणाली, "मिळेल."

पुढचे आठ दिवस फार वाईट गेले. पाचव्या दिवशी कारखान्याचा माणूस पान्यांची पिशवी आणून देऊन गेला. ती दाराशीच पडून राहिली आणि येताजाता पायात येत राहिली. सातव्या दिवशी त्यानं ती खांद्याला लावून आरशात बघितलं. बायकोनं ते पाहिलं. तिनं पिशवी त्याच्या खांद्यावरून उतरवली आणि परत दाराशी ठेवली.

"तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं. एवढ्या दिवसांत त्यानं तिला एकटीला असं कधी विचारलं नव्हतं.

"सांगितलं ना. मिळेल."

"कशावरून?"

"तू मशीनबद्दल बोललास म्हणून. ते तुला येतं."

नवव्या दिवशी टपालानं जाड पाकीट आलं. त्यात निळी वही होती आणि तिच्यात घडी घातलेलं नेमणुकीचं पत्र. जागा तपासणी गटात होती. जिथे सगळ्यांचं एकमत होईल तिथे याला बोलवायचं आणि यानं शंका काढायची, असं ते काम. पत्राखाली बाईंनी हातानं लिहिलं होतं: 'सोबतच्या वहीतील चुकीच्या नोंदी नियमाप्रमाणे दुरुस्त करून, दुसऱ्या सहीसह, रुजू होताना आणाव्यात.'

सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं. पोस्टमास्तरांनी पाकिटावरचा पिनकोड बघितला आणि त्यांना घरी काहीतरी काम आठवलं.

धुलाई इंजिनिअर वही घेऊन बायकोसमोर बसला. पहिल्या नोंदीला तिनं त्याचा हात धरून थांबवलं आणि शेवटाकडून सुरू करू म्हणाली. पिनकोड. 'सदोष'वर एक रेघ, तारीख, त्याची सही. वही तिच्याकडे. तिनं रिपोर्ट तपासावा तशी पूर्ण नोंद वाचली आणि मग सही केली. रक्ताची नळी. साक्षीदार. कलप, तिथे तिनं आधी त्याच्या कानामागे बघून खात्री केली. सही करताना तिचे डोळे भरून आलेले त्याला दिसले, आणि तो पुढची रेघ मारत राहिला. बावीस रेघा झाल्या. राहिली पहिली नोंद, टायची. त्यानं पट्टी ठेवली.

"ही नको," ती म्हणाली.

"का?"

"इथे मीच चुकले होते. टाय नसता तर तू पुसलं कशानं असतंस?"

तिनं पट्टी बाजूला सारली आणि स्वतःच्या नावापुढचं 'सदोष' तसंच ठेवून त्याच्या शेजारी तारखेसकट सही केली.